तिसऱ्या कडव्याला हरायचं होतं

...पण हरायला काय लागतं हो? नाही, तुम्हीच सांगा! जिंकायचं तर तयारी लागते, आवाज लागतो, समोरच्यापेक्षा चार अक्षरं जास्त यावी लागतात. पण हरायला? तोंड मिटायचं आणि दाराची कडी काढायची! मेंढरालासुद्धा जमेल! आणि मला, ह्या इड्वल हॉवेल्सला, ज्यानं उभी हयात नान्तग्वेर्नच्या शाळेची बस चालवली, बर्फात, धुक्यात, मागे पोरं एकमेकांच्या डोक्यात दप्तरं घालत असताना गाडी कधी गटारात घातली नाही, त्या मला एवढं साधं जमलं नाही. तिसऱ्या कडव्याला हरायचं, असं स्पष्ट ठरलं होतं.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा भरकटला. भरकटतोच मी! बसवाला आहे, वाटेत दिसेल त्याला आत घेत जायची सवय आहे. आमच्या गावात निम्म्या लोकांचं आडनाव हॉवेल्स, त्यामुळे माणसाला धंद्यावरून ओळखतात. हेविन हॉवेल्स पाव विकतो, तो हेविन पाव. मी इड्वल बस. बस जाऊन किती वर्षं झाली, पण मी अजून बसच. मेल्यावर दगडावरही तेच कोरतील बघा.

तर डिसेंबरात एके दिवशी माझं दार वाजलं. मला वाटलं टीव्हीत वाजलं. खरंच सांगतो, मी जागेवरून हललोसुद्धा नाही, टीव्हीतल्या बाईला म्हणालो, 'अगं, दार उघड की!' कारण माझं दार वाजत नाही हो. घर गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी, पोस्टमनसुद्धा फाटकावरच्या डब्यात टाकतो आणि पसार होतो. तेग्वेन गेल्यापासून, तेग्वेन म्हणजे माझी बायको, तिला जाऊन तिसरा हिवाळा, तेव्हापासून माझ्या दाराला वाजायची सवयच राहिली नाही. पण हे वाजलं, परत वाजलं, आणि वर शिट्टी ऐकू आली. शिट्टी म्हटल्यावर कळलं. देलिथ!

देलिथ शाळेत कवायत शिकवायची. निवृत्त झाली, पण गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही. आता ती गावातल्या हौशी चालणाऱ्यांना घेऊन रानातून, शेताबांधावरून फिरते. पुढे ती पिवळंधम्मक जॅकेट घालून, मागे सगळी वरात. आणि जानेवारीत मारी निघते, ती फेरी पण हीच काढते. मारी म्हणजे काय, ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, पण तुमचे चेहरे बघून सांगतो. घोडीची कवटी, खरीखुरी, काठीवर चढवलेली, डोळ्यांच्या जागी हिरव्या बाटलीच्या काचा, कानांना रिबिनी, अंगावर पांढरी चादर, आणि चादरीखाली एक माणूस. तो दोरी ओढतो आणि घोडीचा जबडा वाजतो, खट् खट् खट्! ही मारी लोकांच्या दाराशी येते. बाहेरचे गाऊन म्हणतात, आत घ्या. आतला गाऊनच म्हणतो, नाही घेत जा! की बाहेरून उलट कडवं, की आतून उलट कडवं. शिव्याच म्हणा ना, यमकात बसवलेल्या. ज्याचं कडवं संपलं तो हरला. घर हरलं की दार उघडायचं, घोडीला आत घ्यायचं, सगळ्यांना खाऊपिऊ घालायचं. घोडी घरात नाचून गेली की वर्ष चांगलं जातं. आणि घर जिंकलं तर? घर सहसा जिंकत नाही हो! जिंकून करायचंय काय?

तर देलिथ म्हणाली, 'इड्वल, यंदा घर तुमचं.'

मी म्हटलं, 'घर माझंच आहे. यंदा काय नि गेल्या वर्षी काय.'

'तसं नव्हे हो! मारीचं घर! दरवेळचं घर विकलं ना त्यांनी. आता ते शहरातले लोक उन्हाळ्यात येतात आणि हिवाळ्यात कुलूप लावतात. कुलपाशी काय गायचं? तुमच्याकडे येतो आम्ही. पण एक आहे. तीन कडवी! जास्त नाही. तिसऱ्याला तुम्ही हरायचं, दार उघडायचं, मंडळी आत बसतील, काहीतरी गरम घेतील, आणि अंधार पडायच्या आत मला सगळ्यांना शेतांपलीकडे न्यायचंय. अंधारात कुणाचा पाय मुरगळला तर सगळे माझ्या नावानं ओरडतील. कबूल?'

कबूल म्हणजे काय? मी तर पहिल्याच ओळीला हरलो असतो! शून्याव्या कडव्याला हरलो असतो! फाटकावर उभा राहून एकेकाला हाताला धरून आत... जाऊ दे. 'कबूल,' म्हटलं. दार लावलं, आणि त्या दाराकडे बघत बसलो. माणसं येणार! माझ्या घरी, ओल्या बुटांनी, चिखल घेऊन!

मग काय विचारता! चॅपलमधून खुर्च्या आणल्या, बाहेरच्या खोलीत मांडल्या, ओळीत मांडल्या तर वाटायला लागलं इथे आता अंत्यविधी आहे, म्हणून वाकड्यातिकड्या मांडल्या. मोठं पातेलं माळ्यावरून काढलं. त्यात काउल चढवलं, म्हणजे आमचं ते मेंढीच्या मटणाचं, बटाट्याचं, गाजर नि लीक म्हणजे जाड कांद्याची पात घातलेलं पातळ कालवण. तेग्वेन एका पातेल्यात भागवायची, मी एक पातेलं आणि दोन बादल्या म्हणावं इतकं करून ठेवलं. एकट्या माणसाला प्रमाण कळत नाही हो. त्याला एक तर वाटीभर येतं नाही तर पलटणीचं.

आणि मारीच्या फेरीच्या दिवशी मी पण चाललो! देलिथच म्हणाली, 'चला आमच्याबरोबर, शेवटच्या फाटकापासून तुम्ही पुढे निघा आणि दाराआड उभे राहा.' चॅपलसमोर सगळे जमलेले, टोप्या, काठ्या, फ्लास्क, तोंडातून वाफा, पावसात मिसळलेला बर्फ भुरुभुरु पडतोय, आणि देलिथ एका दगडावर चढून भाषण देतेय, 'चिखल निसरडा आहे! शेण निसरडं आहे! फाटक उघडलं की लावायचं! मेंढ्यांना खायला घालायचं नाही! घोडीच्या जबड्यात कुणी बोट घालायचं नाही, गेल्या वर्षी घातलं होतं!' आणि घोडीखालून हेविन पाव, चादरीतून, 'मी माफी मागितली होती!'

शिवाय दर फाटकाला मोजणी! फुर्रर्र! सगळ्यांनी थांबायचं, देलिथ बोट करकरून मोजणार, आणि दरवेळी एक माणूस कमी. दरवेळी! तिचा चेहरा पांढरा. 'कोण राहिलं? कोण राहिलं मागे?' आम्ही सगळे एकमेकांकडे बघतोय. आणि चादरीतून आवाज, 'मी! मला मोजा की! मी घोडी आहे!' की हुश्श. की पुढच्या फाटकाला परत तेच! मी शेवटी म्हटलं, 'देलिथ, घोडी माणसात धर ना!' तर म्हणते कशी, 'मिस्टर हॉवेल्स, मोजणीत लुडबुड नको.' रागावली की ती मिस्टर हॉवेल्स म्हणते. मला काय, मला बरं वाटलं. कुणीतरी रागावतंय माझ्यावर!

हसू नका. मला त्या चिखलात किती बरं वाटत होतं ते तुम्हाला नाही कळायचं. पुढेमागे माणसं, कुणी पुढ्यात घसरतंय, कुणी मागे आईवरून शिवी हासडतंय, कुणाचा फ्लास्क सांडतोय... अहो, आयुष्यभर माझ्या पाठीमागे गोंगाट होता! आयुष्यभर आरशात बघून ओरडलो, 'गप्प बसा रे!' आणि आता घरात अशी शांतता, की फ्रीज बंद झाला की मी दचकतो.

आणि माझ्या शेजारी कोण चालतंय? नेस्त! औषधाच्या दुकानात होती ती नेस्त. मला गोळ्या देताना नेहमी म्हणायची, 'जेवणानंतर हं, इड्वल. जेवणानंतर म्हणजे बिस्किटानंतर नव्हे.' तिचेही मालक गेले. लाल लोकरीचे मोजे बुटाबाहेर दुमडलेले, आणि काठी माझ्याहून जोरात टेकत चालत होती.

'काय केलंय खायला?' तिनं विचारलं.

'काउल.'

'हाडासकट?'

'हाडाशिवाय काउल करणारा माणूस मी नाही.'

'बरं बाई,' म्हणाली. मग थोडं चालून, खाली बघत, 'मी आता वाटीभर करते. तेही उरतं. आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी खाताना, काय सांगू, कालच्याच माणसाबरोबर जेवल्यासारखं वाटतं. मीच ती.'

  मी म्हटलं, 'आज दोन वाडगे घ्या. शेकोटीजवळची खुर्ची तुमची.' हे मी बोललो! मी! कान लाल झाले माझे, टोपीच्या आत.

'घेईन,' म्हणाली नेस्त. 'पण लवकर हरा हं. माझे पाय गारठलेत.'

बघा! तिनंही सांगितलं! देलिथनं सांगितलं, नेस्तनं सांगितलं, माझ्या पातेल्यानं सांगितलं. आता हरायला काय लागतं हो?

शेवटच्या फाटकाशी देलिथनं चहाला थांबवलं आणि मला म्हणाली, 'सुटा.' मी सुटलो. एकटा. मागे त्यांचा आवाज, पुढे माझं घर, आणि मधलं ते ओलं शेत. एवढा वेळ माणसांत चाललो होतो ना, तर त्या शेतात मला पहिल्यांदा माझ्याच बुटांचा आवाज आला. चपक, चपक. घरात शिरलो, खुर्च्या वाकड्यातिकड्या वाट बघतायत, कालवण रटरटतंय, आणि मी काय केलं? दार लावलं. आतून कडी घातली. ज्या माणसांसाठी सकाळपासून बटाटे सोलले त्यांच्या तोंडावर मी दार लावून उभा! परंपरा आहे म्हटल्यावर काय करणार.

आमच्या दाराला पत्र टाकायची फट आहे, बेताच्या उंचीवर. तिची झडप उचलून, गुडघे वाकवून मी उभा राहिलो. त्या फटीतून काय दिसणार? नुसते गुडघे! ओल्या पँटी, चिखलाचे बूट, चादरीची कड, आणि एका बाजूला लाल मोजे. आणि मधोमध दोन हात. हातात कार्डं! प्लास्टिक चढवलेली, गुळगुळीत कार्डं! दरवेळचा गाणारा खोकल्यानं पडला होता, म्हणून देलिथनं नवा गडी धरून आणलेला, गेथिन. कचेरीत बसून हिशेब बघणारा पोरगा, सभ्य, नाकात गाणारा. त्याला कडवी टाइप करून दिली होती. टाइप करून! सवाल-जवाबाची कडवी! समोरचा काय म्हणणार ते आधीच कसं टाइप करता हो तुम्ही?

पण मी म्हटलं, इड्वल, आपल्याला काय? आपल्याला हरायचंय. आणि गेथिन नाकातून सुरू झाला,

'दार उघडा, धनी, थंडी पडली भारी,
गावोगाव फिरून आली तुमच्या दारी मारी!'

घोडी खट् खट्. मी म्हटलं, एक साधंसं द्यायचं, फुसकं, रिवाजापुरतं. झडप उचलली आणि,

'कोण रे दाराशी माझ्या? गाय अडली का कुणाची?
ह्याला जर गाणं म्हणता, तर रड कशाला म्हणायची?'

आणि हसले हो! बाहेर सगळे गुडघे हलले! घोडीसुद्धा हसली, हेविन पावचं हसू मला माहीत आहे, उचकीसारखं आहे. मला असं... कसं सांगू, पाठीत ऊन पडल्यासारखं झालं. मी काहीतरी म्हणालो आणि माणसं हसली. ह्या घरात किती दिवसांत मी काही बोललो आणि समोरून काही आलं? टीव्हीतली बाई तर दारसुद्धा उघडत नाही!

गेथिननं दुसरं कार्ड काढलं. गाईचं उत्तर नाही, रडीचं उत्तर नाही, कार्डावर जे आहे ते,

'दूर चालून आलो, पाय झाले गार,
उघडा, धनी, उघडा, आता तुमचं दार!'

मी लगेच, श्वास न घेता,

'पाय पडले गार तर नाचा जरा दारी,
नाचताही येत नसेल तर चालू लागा माघारी!'

की ते नाचले! खरंच नाचले! लाल मोजे वर खाली, वर खाली, मला फटीतून दिसतायत! कुणीतरी ओरडलं, 'शाब्बास, बस!' शाब्बास, बस! मी गुडघेदुखीचा माणूस, दाराला टेकून उड्या मारतोय. झालं, म्हटलं आता तिसरं. आता हरायचं. हात कडीवर ठेवला. खरंच ठेवला होता, तेग्वेनची शपथ. आणि गेथिन म्हणाला,

'उपाशी आमची घोडी, दात तिचे मोठे,
थंडीत उभं ठेवता, मन का इतके छोटे?'

छोटे? माझं? मन? आत पलटणीचं कालवण रटरटतंय आणि हा कार्डातून वाचून मला... तरी मी आवरलं असतं हो. पण त्या दारामागे सगळे गप्प झाले. वाट बघत होते. माझ्या बोलण्याची! इतकी माणसं, थंडीत, श्वास धरून, म्हातारा आता काय म्हणतो म्हणून. ती शांतता माझ्या घरातल्या शांततेसारखी नव्हती. ती भरलेली होती. आणि मला वाटलं, कडी काढली की हे संपणार. माणसं आत येतील, कोट काढतील, आपापसात बोलायला लागतील, मी वाडगे भरत फिरेन, आणि मग कोण माझ्या शब्दाची वाट बघणार? अजून एक, म्हटलं. फक्त एक. चौथ्याला हरू.

'मन माझं मोठं आहे, उंबरा आहे जुना,
कार्डावरचं वाचणारा कवी नको मज पाहुणा!'

हलकल्लोळ! गेथिनची कार्डं चिखलात पडली, तो वाकला तेव्हा पहिल्यांदा मला त्याचा चेहरा दिसला, फटीसमोर, घामाघूम, थंडीत घाम! बिचारा पुटपुटला, 'मिस्टर हॉवेल्स, तिसरं झालं ना?' आणि मी, मी काय म्हणालो असेन? 'पुढचं वाच!' म्हणालो. वाचलं त्यानं. मी उत्तर दिलं. त्यानं अजून एक वाचलं. मी त्याचंही उत्तर दिलं. त्यात त्याच्या नाकाचा उल्लेख होता, तो सांगत नाही. देलिथ दोनदा हळूच खाकरली. मी ऐकलंच नाही. बाहेर उजेड निळा पडत चालला होता, तेही मी बघितलं नाही. फटीतून आभाळ कुठे दिसतं?

आणि कार्डं संपली.

म्हणजे मी जिंकत आलो होतो. गेथिन गप्प, घोडी गप्प. आता कुणी एक कडवं टाकलं तरच खेळ चालणार. आणि लाल मोजे पुढे आले. अगदी दारापर्यंत. आणि नेस्त, जी चॅपलमध्येसुद्धा ओठ हलवते आणि आवाज काढत नाही, ती नेस्त, कुणी शिकवलेलं नाही, कार्डावरचं नाही, स्वतःचं, बारीक आवाजात,

'चूल तुमची पेटली, वास येतो खरा,
एकट्यानंच खाणार का? आत घ्या ना जरा?'

अहो, हे कडवं नव्हतं! हे विचारणं होतं! एका बाईनं सगळ्या गावासमोर, थंडीत, एका म्हाताऱ्याच्या दारात उभं राहून विचारलं होतं. शहाणा माणूस काय करेल? कडी काढेल! वेडा माणूस काय करेल? कडी काढेल! पण माझ्या तोंडात यमक आलेलं होतं हो! आलेलं यमक थांबवता येत नाही, उतारावर ब्रेक लागत नाहीत, मला माहीत आहे, मी गाडी चालवलीय! झडप उचलली गेली आणि,

'एकटाच मी जेवतो बाई, एकटाच मजेत,
पाहुण्यांच्या गर्दीपेक्षा झोप बरी शेजेत!'

टाळ्या! टाळ्या पडल्या! लोक म्हणाले, वा! काय जवाब! लाल मोजे मात्र हलले नाहीत. जरा वेळ तिथेच होते. मग वळले.

कळलं मला. त्याच क्षणी कळलं, खोटं नाही सांगत. मी कडीला हात घातला, तोवर फुर्रर्र! शिट्टी! 'घर जिंकलं! अभिनंदन, मिस्टर हॉवेल्स! मंडळी, अंधार पडतोय, आत बसायला वेळ उरलेला नाही, रांगेत या, शेतातून सरळ खाली, पबमध्ये गरम घेऊ!' मी दार उघडलं तेव्हा सगळे फाटकाशी पोचलेले. मला बघून थांबले, आणि परत टाळ्या वाजवल्या. हेविन पावनं घोडीकडून मला मुजरा करवला. आणि मी? मी म्हणायला हवं होतं, अहो, या ना, पातेलं भरलंय, खुर्च्या आणल्यात, नका जाऊ. पण जिंकलेल्या माणसानं हे कसं म्हणायचं हो? आत्ता तर यमकात सांगून झालं होतं की मजेत आहे! मी उंबऱ्यावर उभा राहून कमरेत वाकलो. नटासारखा! टाळ्या घेतल्या!

नेस्त फाटकाशी वळली. 'छान गाता हो,' म्हणाली. 'झोपा आता. मजेत.' रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

देलिथनं फाटकाशी मोजणी केली. एक माणूस कमी भरलं. 'घोडी,' सगळे एकदम म्हणाले, आणि हसत निघून गेले. मी दारातच होतो. बराच वेळ ऐकू येत होते.

मग आत आलो. सगळ्या खुर्च्यांवर एकेकदा बसून पाहिलं. का, ते विचारू नका. वाडगा भरून घेतला, शेकोटीजवळच्या खुर्चीसमोर ठेवला आणि स्वतः दुसरीवर बसलो, आणि बसल्या बसल्या मला सुचलं, की आमच्या घराण्यात आजपर्यंत मारीशी कुणीच हरलेलं नाही! माझे वडील दाराआड गायचे, कधी हरले नाहीत. खाणीतून काळे होऊन यायचे आणि कडव्यावर कडवी फेकायचे, बाहेरचे रडकुंडीला. मग आई मागून यायची, त्यांच्या बरगडीत कोपर मारायची, म्हणायची, 'पुरे, लोक गारठलेत,' आणि कडी काढायची. माझ्या वेळी पण तेच. तेव्हा आम्ही गावातल्या गल्लीत राहायचो, मारी दारोदार यायची, मी दाराआड उड्या मारायचो, आणि तेग्वेन मागून चिमटा काढायची, असा चिमटा, की कडवं अर्ध्यात तुटायचं, आणि दार उघडं! लोक म्हणायचे इड्वल हरला. मी कुठला हरतोय! हरायचं खातं तिच्याकडे होतं. मी एवढा वेळ तुम्हाला विचारतोय ना, हरायला काय लागतं? दुसरं माणूस लागतं हो घरात. एकट्याला नाही येत.

दुसऱ्या दिवशी देलिथचा फोन. म्हटलं आता मिस्टर हॉवेल्स होणार. तर कसलं काय! 'इड्वल, अहो, सगळे नुसते खूश! म्हणतात असा जवाब कितीक वर्षांत ऐकला नाही! पुढच्या वर्षी परत घर तुमचंच! गेथिन तर म्हणतोय, आत्तापासून तयारीला लागतो, तुम्हाला हरवूनच दाखवतो!'

मी म्हटलं, 'देलिथ, पुढच्या वर्षी मी हरणार आहे.'

'नाही हो! लोक तुम्ही जिंकावं म्हणून येणारेत!'

फोन ठेवला. तुम्हाला सांगतो, कालवण अजून आहे, कुणाला हवं असेल तर डबा घेऊन या, लाजू नका. आणि म्हटलं, ते काही नाही, आपण आपली आत्ताच सोय करून ठेवायची. हरण्याचं कडवं आधीच बांधून ठेवायचं. पाठ करायचं. तोंडातून दुसरं काही यायलाच नको. बसलो टेबलाशी. पहिली ओळ तर काय, आपोआप आली, साधी, गरीब, हात जोडून उभी,

'हरलो रे बाबांनो, या सगळे घरात...'

वा! म्हटलं, इड्वल, जमलं! एवढ्यावरच थांब! पण एका ओळीचं कडवं असतं का कुठे? दुसरी लागतेच ना? आणि दुसरी आली, मी न बोलावता,

'...पण आधी गाणं शिका, मगच या दारात!'

झालं. परत जिंकलो.